पाचवी नळी

"पाणी नक्की येणार ना?" दाराबाहेरून बाईंनी तिसऱ्यांदा विचारले.

"टाकीत आहे तोवर येईल," लास्टन म्सोसा म्हणाला. तो संडासाच्या भांड्यामागे आडवा पडून नळाचा आटा आवळत होता.

"टाकीत किती आहे?"

"अकरा बादल्या. मीच चढवल्यात सकाळपासून."

"म्हणजे किती वेळा पुरेल?"

"ते पाहुण्यांच्या पोटावर आहे, मॅडम."

बाई हसल्या नाहीत. त्या राजधानीहून आल्या होत्या. गळ्यात ओळखपत्र, हातात दोन फोन आणि कागदावर पाहुण्यांच्या वाटेचा नकाशा. दूरच्या एका देशाचे पंतप्रधान दहा वाजता जिल्हा रुग्णालयात येणार होते, नव्या बालकक्षाची फीत कापणार होते आणि मग चहाच्या मळ्यात जेवायला जाणार होते. त्यांच्या वाटेवर हा एक संडास होता. तीन वर्षांत त्याच्या नळाला पाणी आले नव्हते. पाहुणे त्यात जातीलच असे नाही. पण गेलेच तर साखळी ओढल्यावर पाणी यायला हवे होते.

लास्टन छप्पन वर्षांचा होता. चहाच्या मळ्यावर पंप दुरुस्त करता करता तो या रुग्णालयात लागला, त्याला सव्वीस वर्षे झाली होती. डिसेंबरात तो निवृत्त होणार होता. एवढ्या वर्षांत रुग्णालयातली किती माणसे आली-गेली ते त्याला सांगता आले नसते, पण कुठल्या भिंतीत कुठून कुठे पाइप गेला आहे, कुठले भोक कशासाठी पाडले होते आणि ते नंतर बुजवायचे कसे राहून गेले, हे त्याला पाठ होते.

हात नळावर होते, पण लक्ष तिथे नव्हते. काल संध्याकाळी ठरले होते की जुन्या वॉर्डातली ऑक्सिजनवरची पाच मुले पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नयेत. एका यंत्राला लोंबणाऱ्या पाच नळ्या आणि त्यांना बांधलेल्या चिंध्या फोटोत बऱ्या दिसणार नाहीत. तेव्हा मुले दोन तासांसाठी जुन्या एक्स-रेच्या खोलीत हलवायची आणि आवाज करणारे यंत्र खोलीमागच्या बोळात ठेवायचे.

"हलवायचंच असेल तर मी हलवतो," लास्टन मोठ्या डॉक्टरांना म्हणाला होता. "नळ्या मी लावल्यात."

"तू सकाळी सातला संडासात आहेस, म्सोसा," डॉक्टर न्यांगुलू म्हणाले होते. "मुलं नर्सिंगवाले हलवतील. एक दिवस तुझ्याशिवाय चालू दे."

त्यानंतर वॉर्डाच्या सिस्टर एस्नार्ट कालिंदेने त्याला दारात गाठले होते. तीस-बत्तिशीची, भरभर बोलणारी बाई. काल मात्र हळू बोलली.

"बाबा, मला तर साडेसहापासून नव्या वॉर्डात उभं राहायचंय. कडक इस्त्रीचा गणवेश घालून. डोरिकाला सगळं सांगून ठेवते. पण दोन लिटरवाली आहे ना, ती छोटी, तिच्याकडं जरा बघा. पाच मिनिटंही नळी कमी पडली तर नाही टिकायची."

"धुवट कापडवाली?"

"हां, तीच."

ऑक्सिजनचे यंत्र खरे तर एका रुग्णासाठी असते. इथे चालू स्थितीत एकच होते. त्याला लास्टनने पाच तोंडांची एक पेटी जोडली होती. पाच तोंडांना कमी-जास्त भोके होती. एकातून दोन लिटर, दोहोंतून एक-एक, उरलेल्या दोहोंतून अर्धा-अर्धा. पाचही तोंडांना नळी लागलेली असली तरच हिशेब जमायचा. एक तोंड नुसते उघडे राहिले की हवा तिथून निसटायची आणि बाकीच्यांची कमी व्हायची. बंद करायची बुचे केव्हाच हरवली होती. नळ्या तीस-तीस फुटांच्या, पाचही सारख्याच पारदर्शक, आणि खाटांखालून जाता जाता त्यांचा गुंता व्हायचा.

दोन वर्षांपूर्वी एकदा नळ्यांची अदलाबदल झाली, तेव्हा लास्टनला गिरणीवरची रांग आठवली होती. मक्याच्या पिठाच्या बादल्या रांगेत सारख्याच दिसतात, म्हणून बायका आपल्या चितेंज्याची, म्हणजे कमरेला गुंडाळायच्या कापडाची, एक पट्टी फाडून बादलीच्या कडीला बांधतात. मग कुणाचे पीठ कुणाकडे जात नाही. प्रत्येक बाई आपले कापड लांबूनही ओळखते. लास्टनने तेच केले. मूल नळीवर आले की त्याच्या आईच्या कापडाचा कोपरा फाडायचा, त्याच्या दोन पट्ट्या करायच्या, एक नळीच्या पेटीकडच्या टोकाला, एक मुलाच्या नाकाकडच्या टोकाला. दोन वर्षांत पुन्हा चूक झाली नव्हती. राजधानीत पाच दिवसांचे प्रशिक्षण झाल्याचे प्रमाणपत्र त्याने वर्कशॉपच्या भिंतीवर लावले होते, पण मनातून त्याला अभिमान होता तो या पट्ट्यांचा.

मुलांची नावे सिस्टरच्या वहीत असायची. लास्टनला मुले कापडांवरून माहीत होती. सध्या कणसे आणि कंदील एकेक लिटरवर होते. मासे आणि कोंबडा अर्ध्या-अर्ध्यावर. आणि दोन लिटरवर ती धुवट कापडवाली. धुऊन धुऊन त्या कापडावरचे चित्र पार गेले होते. मुलगी तीन महिन्यांची, वजन तीन किलो दोनशे ग्रॅम. तिची आई बाळंतपणात गेली होती. एनिफा नावाची म्हातारी आजी तिला पाठीशी बांधून डोंगरावरून चालत घेऊन आली होती.

साखळी ओढल्यावर पाणी आले. बाईंनी ती स्वतः दोनदा ओढून पाहिली.

"आता दहाच बादल्या राहिल्या," लास्टन म्हणाला आणि पाना खिशात टाकून निघाला. दहाला दहा मिनिटे कमी होती.

बाहेर चिपेरोनीची, म्हणजे थंडीतल्या धुकट पावसाची, बारीक भुरभुर चालू होती. एरवी या वेळेला अंगणात रुग्णांसोबतच्या बायकांच्या तीन दगडांच्या चुली धुमसत असायच्या, मक्याच्या पिठाचा न्सिमा रटरटत असायचा. आज चुलींचे दगडसुद्धा उचलून नेले होते. ओल्या मातीवर पांढरा चुना टाकला होता. व्हरांड्यात उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या कमरेला एकच कोरे करकरीत कापड होते. पिवळ्या जमिनीवर डावीकडे आपले राष्ट्राध्यक्ष, उजवीकडे पाहुणे, मधे हस्तांदोलन. दौऱ्यासाठी मुद्दाम छापून घेतलेले. एवढे चेहरे एकदम हसताना पाहून लास्टन थबकला. का, ते त्याला लगेच कळले नाही.

एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी एक पोलीस उभा होता. त्याने लास्टनचा पाना पाहिला, गणवेश पाहिला.

"आत जा, बाबा. पण आता आत गेलात की आतच. बोळही बंद केलाय. पाहुणे जाईस्तोवर कुणी हलायचं नाही."

आतले एक्स-रेचे यंत्र कधीच गेले होते. खोलीला एकच उंच खिडकी होती. जमिनीवर चटया, पाच बायका, पाच मुले. ज्या भोकातून पूर्वी यंत्राची वायर जायची, त्यातून पाच नळ्यांची जुडी आत आली होती. भिंतीपलीकडून यंत्राची घरघर ऐकू येत होती. तो आवाज ठीक होता, म्हणून लास्टनचा जीव क्षणभर खाली पडला. मग त्याची नजर नळ्यांवर गेली.

प्रत्येक नळीला पट्टी होती. नीट, घट्ट, दुहेरी गाठ मारलेली. आणि पाचही पट्ट्या पिवळ्या होत्या.

"डोरिका!"

सफाईचे काम करणारी डोरिका कोपऱ्यातून उठली. तिला नोकरीला लागून दीड महिना झाला होता.

"जुन्या पट्ट्या कुठं गेल्या?"

"त्या राजधानीवाल्या मॅडमनी काढायला लावल्या. म्हणाल्या, ह्या चिंध्या कसल्या. पण तुम्ही काळजी करू नका, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "सिस्टरनी सांगितलं होतं, पट्टीशिवाय नळी लावायची नाही. म्हणून मी नव्या बांधल्या. प्रत्येकीच्या कापडाची फाडून. दोन्ही टोकांना. तुम्ही बांधता तशाच."

लास्टनने जवळची नळी उचलून पाहिली. एका पट्टीवर पाहुण्यांचा अर्धा कान आला होता.

"कधी लावल्यास?"

"आठच्या सुमारास."

तो एनिफापाशी गुडघ्यांवर बसला. म्हातारीने नात छातीशी धरली होती. मुलीच्या ओठांचा रंग ओल्या राखेसारखा झाला होता. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. लास्टनने तिच्या नाकाशी बोट नेले. वारा लागतो न लागतो.

"सकाळपासून अशीच आहे," एनिफा म्हणाली. "मी म्हटलं त्या पोरीला. ती म्हणाली, पट्टी बरोबर आहे."

लास्टन दाराकडे गेला. "सिस्टर कालिंदेंना बोलवा. एकच मिनिट. ते बोटाला लावायचं यंत्रही लागेल."

"ते यंत्र नव्या वॉर्डात एका मुलाच्या बोटाला लावलंय, बाबा," पोलीस म्हणाला. "मी स्वतः बघितलं. फोटोसाठी."

"त्या मुलाला काय झालंय?"

"काहीच नाही. म्हणून तर त्याला निवडलंय."

पोलिसाने दार लोटून घेतले. लास्टन परत फिरला.

"कुणाकडं पेला आहे का? आणि पाणी?"

कंदीलवालीने बाटलीतले पाणी प्लॅस्टिकच्या पेल्यात ओतून दिले. लास्टनने पहिल्या मुलाच्या नाकातून नळी काढली आणि तिचे टोक पाण्यात बुडवले. बुडबुडे सावकाश आले, एकामागून एक. अर्धा लिटर. त्याने नळी परत लावली आणि पुढच्याकडे सरकला. बुडबुडे जरा घाईने. एक लिटर. एनिफाच्या नातीची नळी बुडवली तेव्हा पेल्यात इतके कमी बुडबुडे आले, की त्याने ते मोजले. अर्धा. मुलगी अर्ध्या लिटरवर जवळजवळ दोन तास होती. चौथी नळी एक लिटर.

पाचव्या मुलाची नळी पाण्यात घालताच पेला उकळल्यासारखा झाला. दोन लिटर इथे होते. मुलगा गुबगुबीत होता आणि नळी काढल्याबद्दल जोरात रडत होता.

नळ्या कुठल्या ते कळले, आता कुणाला काय द्यायचे ते ठरवायचे होते. पाच बायकांकडे त्याने पाहिले. पाचही पिवळ्या. कालपर्यंत तो या बायकांना अंधारातसुद्धा ओळखत होता. आज त्याला एनिफाखेरीज एकही ओळखू येईना. त्यांचे चेहरे आपण कधी पाहिलेच नाहीत, असे त्याच्या एकदम लक्षात आले.

"तुमची जुनी कापडं कुठंयत?"

"पोत्यात भरून नेली," एक म्हणाली. "स्टोअरला कुलूप घातलंय. कार्यक्रम झाल्यावर देणार म्हणे."

"बरं. मग सांगा, काल कुणाच्या अंगावर काय होतं? एकेक करून. चटकन."

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. दाराजवळची फिस्सकन हसली.

"माझं कंदील. आणि बाबा, ह्या राष्ट्राध्यक्षांचं तोंड नेमकं माझ्या बुडावर आलंय. सकाळपासून बसायची चोरी झालीय."

"बस गं बिनधास्त," शेजारची म्हणाली. "ते आपल्यावर इतकी वर्षं बसलेच की. बाबा, माझी मक्याची कणसं."

"माझे मासे."

उरली गुबगुबीत मुलाची आई. वीस-एकवीस वर्षांची असेल.

"आणि तुझा कोंबडा," लास्टन म्हणाला. "नाव काय तुझं?"

"फायनेस."

"फायनेस, तुझ्या मुलाची नळी अर्ध्या लिटरची आहे, बाई. आज चुकून दोनाची लागलीय. ती मला इकडं द्यायचीय."

फायनेसने मुलाला जवळ ओढले. "आज कुठं त्याचा श्वास नीट चाललाय. चार दिवसांत पहिल्यांदा प्यायलाय. आणि तुम्ही तीच काढता?"

"तो अर्ध्यावरही काल बरा होता. सिस्टरनं लिहिलंय."

"सिस्टर कुठंय? तिला सांगू दे मला."

सिस्टर नव्हती. तिची वही नव्हती, बोटाला लावायचे यंत्र नव्हते. लास्टनकडे नुसता पाण्याचा पेला होता. नळी ओढून घेणे त्याला जमले असते. मुलगी अंगाने किरकोळ होती. त्याने पेला खाली ठेवला.

"एनिफा आजी," तो म्हणाला, "जरा तिला दाखवा."

एनिफाने नातीच्या तोंडावरचे फडके बाजूला केले. फायनेसने पाहिले. मग तिने आपल्या मुलाच्या गालावरची चिकटपट्टी स्वतः सोडवली आणि नळी लास्टनच्या हातात दिली. तिने नजर वर केली नाही.

"नाव काय हिचं?" तिने एनिफाला विचारले.

"यांखो."

दोन लिटरची नळी यांखोच्या नाकात बसली तेव्हा सव्वादहा झाले होते. कणसे आणि मासेही मग आपापल्या नळीवर आले. वीस मिनिटांत यांखोच्या ओठांवरची राख जराशी उतरली. बरगड्या अजून आत जात होत्या, पण मधेच तिने डोळे उघडले. लास्टन भिंतीला टेकून बसला. डोरिका कोपऱ्यात तोंडावर हात दाबून बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हते.

पाहुणे सव्वाअकरापर्यंत आले नाहीत. अकरा वीसला गाड्यांचे आवाज आले, मग गाणे. व्हरांड्यातल्या बायकांना आठवडाभर शिकवलेले स्वागतगीत. टाळ्या, बुटांचे आवाज, परक्या भाषेतली वाक्ये भिंतीच्या अगदी जवळ आली. खोलीतल्या बायकांनी मुले छातीशी घेतली. गुबगुबीत मुलगा रडू लागला, तसे फायनेसने त्याला पाजायला घेतले.

भिंतीपलीकडे एक पुरुषी आवाज थांबला. त्याने इंग्रजीत विचारले, "ही घरघर कसली येतेय?"

"पाण्याचा पंप, सर," डॉक्टर न्यांगुलूंचा आवाज म्हणाला.

पावले पुढे सरकली. पाठोपाठ बोळातून कुजबुज ऐकू आली, काहीतरी जड वस्तू ओढल्यासारखे झाले, आणि यंत्राची घरघर एकदम दबली. उशीखाली तोंड घालून कुणी बोलावे तशी.

लास्टन ताडकन उठला. त्या यंत्राचा श्वास बाहेरच्या हवेवर चालायचा. त्याच्या पाठीमागच्या जाळीतून हवा आत जायची. कुणीतरी त्यावर घोंगडी टाकली असावी. त्याने यांखोची नळी पेल्यात बुडवली. बुडबुडे निम्म्यावर आले होते, आणि तो पाहत होता तोवर आणखी कमी झाले.

नळी परत तिच्या नाकाला लावून त्याने दार उघडले. पोलीस आडवा आला.

"बोळात जाऊ दे. यंत्र गुदमरतंय."

"बाबा, पाया पडतो. पाहुणे दहा पावलांवर आहेत. माझी नोकरी जाईल."

"आत पोर मरतंय."

"दहा मिनिटं फक्त. दहा मिनिटं कळ काढा."

लास्टनला पोलिसाच्या खांद्यावरून पाहुण्यांची पाठ दिसली. उंच, किंचित वाकलेला माणूस, एका मुलाशी हात मिळवत होता. ओरडले असते तर त्याला ऐकू गेले असते. लास्टनने तोंड उघडले. सव्वीस वर्षांत तो या व्हरांड्यात कधी ओरडला नव्हता. गाण्याचे नवे कडवे सुरू झाले आणि पोलिसाने हळूच, जवळजवळ अदबीने, दार लावून घेतले.

तो वळला तेव्हा एनिफा त्याच्याकडे पाहत होती. यांखोच्या ओठांवर राख परतली होती.

"ऐका," तो बायकांना म्हणाला. "यंत्रातून हवा कमी येतेय. तुम्ही आपापली नळी अंगठ्यानं दाबलीत, तर आहे ती सगळी हिच्याकडं जाईल. विसापर्यंत मोजायचं आणि सोडायचं. मग पोरांना दोन श्वास घेऊ द्या, पुन्हा दाबा."

"आणि आमच्या पोरांचं?" कणसेवाली म्हणाली.

"त्यांना तेवढं सोसेल. मला वाटतं, सोसेल."

"वाटतं म्हणजे काय, बाबा?"

लास्टनने यांखोची नळी पुन्हा पेल्यात बुडवली. फायनेसने आपल्या मुलाची नळी दोन बोटांत घेतली, अंगठा दाबला आणि मोठ्याने मोजायला लागली. "एक. दोन. तीन." सातावर कंदीलवालीने दाबली. मग मासेवालीने. दहावर कणसेवालीने काहीतरी पुटपुटत डोळे मिटले आणि दाबली. लास्टनने पेल्यात पाहिले. बुडबुडे वाढले होते. त्याने नळी झटकून यांखोच्या नाकाला लावली.

बाहेर गाणे चालू होते. आत चार बायका विसापर्यंत मोजत होत्या, सोडत होत्या, पुन्हा मोजत होत्या. बोटे पांढरी पडली तशी त्यांनी हात बदलले. कुणाचे मूल जास्त कण्हले की तिचा आकडा भरभर पुढे जायचा. एकदा फायनेस बारावरून एकदम अठरावर गेली, मग ओशाळून परत बारावर आली. डोरिका येऊन मासेवालीशेजारी बसली. "तुमचं बोट दुखत असेल. मी धरते," असे म्हणून तिने ती नळी घेतली.

पाहुणे अकरा मिनिटे थांबले. संडासात गेले नाहीत.

शेवटच्या गाडीचा आवाज फाटकाबाहेर गेला तेव्हा लास्टन पोलिसाला ढकलून बोळात धावला. यंत्रावर नवी लोकरीची ब्लँकेटे होती, एक नव्हे, तीन. ती त्याने चिखलात फेकली. यंत्र चटका बसेल इतके तापले होते, पण चालू होते. पेटीची पाचही तोंडे त्याने हाताने चाचपली.

एस्नार्ट धावत आली, हातात ते बोटाला लावायचे यंत्र, ऑक्सिमीटर. यांखोच्या पायाच्या अंगठ्याला लावले. आकडा बराच वेळ आलाच नाही. मग आला, एकाहत्तर. तिने इंजेक्शन दिले, पाठ चोळली, यांखोला नव्या वॉर्डात नेऊन पुन्हा आणले, कारण तिथे खाटा होत्या पण ऑक्सिजनचे यंत्र नव्हते. इस्त्रीच्या गणवेशाच्या बाह्या तिने कोपरापर्यंत सारल्या होत्या. आकडा अडुसष्ट झाला, साठ झाला. मग यंत्राने नुसत्या रेघा दाखवल्या. बारा वाजून वीस मिनिटे झाली होती.

"ती काल रात्रीच जायला आली होती, बाबा," एस्नार्ट थोड्या वेळाने म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं तुम्हाला, एवढंच."

"दोन तास अर्ध्या लिटरवर होती."

"वहीत लिहू?"

"लिही."

तिने वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात न्यूमोनिया लिहिले. त्यापुढे पेन कागदावर टेकलेले राहिले. ती काय लिहिते हे पाहायला लास्टन थांबला नाही.

एनिफा रडली नव्हती. तिने नातीचे तोंड ओल्या बोटांनी पुसले होते आणि आता ती आपल्या कमरेच्या पिवळ्या कापडाकडे पाहत होती. मेलेले तान्हे आईच्या, नाहीतर आजीच्या कापडात बांधून न्यायचे असते. पिवळ्या कापडाची गाठ तिने सोडली, उलटे करून पाहिले. रंग आरपार उतरला होता. उलट्या बाजूनेही दोघे हसतच होते.

"ह्यात नाही नेणार मी तिला," ती म्हणाली.

स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे होती, तो मोठ्या डॉक्टरांबरोबर मळ्यावर जेवायला गेला होता. लास्टनने स्टोअरच्या दाराची बिजागरी पान्याने उघडली. ती त्यानेच बसवली होती. आत सहा पोती होती. चित्र नसलेले कापड शोधायला वेळ लागला नाही. ते चौथ्या पोत्यात होते, एका कोपऱ्यात त्याने फाडलेला तुकडा कमी असलेले. तो खोलीकडे परतत असताना व्हरांड्यातल्या बायका पाहुण्यांच्या संडासातून बादल्या भरून नेत होत्या. कुणी अडवत नव्हते.

एनिफाने कापड जमिनीवर पसरले, यांखोला मधे ठेवले आणि कडा दुमडल्या. फाटक्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"ह्याचा तुकडा?"

डोरिका उठली. दारामागच्या केराच्या टोपलीत तिने दोन्ही हात घातले. लाल, निळ्या, हिरव्या पट्ट्या बाहेर आल्या. शेवटी दोन करड्या, चित्र नसलेल्या. तिने त्या फुंकून साफ केल्या आणि लास्टनच्या हातात दिल्या.

"मी नीट बांधल्या होत्या, बाबा," ती म्हणाली.

"गाठी चांगल्या होत्या तुझ्या."

एनिफाने दोन्ही पट्ट्या एकमेकींना जोडल्या आणि त्यांनीच गाठोडे बांधले. आता कापड पुरे झाले होते. फायनेसने तिला उठायला हात दिला, गाठोडे पाठीवर नीट बसवून दिले, जिवंत मूल बसवतात तसेच. म्हातारी दारातून बाहेर पडली, स्वागताच्या कमानीखालून गेली आणि भुरभुर पावसात डोंगराच्या वाटेला लागली. चुन्यावर तिच्या पावलांचे ठसे उमटत गेले.

खोलीत कुठेतरी सूं सूं आवाज येत होता. लास्टनने पाहिले. पाचवी नळी चटईवर नुसतीच पडली होती आणि हवा वाया जात होती. बाकी चौघांची कमी होत होती.

तो खाली बसला आणि नळीच्या तोंडावर त्याने अंगठा दाबून धरला.

"येतेय, बाबा!" एस्नार्टने व्हरांड्यातून हाक दिली. "बाहेर एक बाई थांबलीय. तिच्या मुलाला घेऊन येते."

"ये," लास्टन म्हणाला. "मी धरून आहे."